आठवड्याचा धनी कोण? : भोंगा, घंटा आणि चूल यांच्यात सापडलेल्या आईबापांचा इतिहास

शाळेत जाणारे मूल आणि नोकरीवर जाणारे आईबाप अशा घरात रविवारी संध्याकाळी एक ठरलेली लगबग असते. गणवेशाला इस्त्री, डब्याच्या भाज्यांची आखणी, बुधवारच्या चाचणीची आठवण, गुरुवारच्या पालकसभेला कोणी जायचे याचा वाद, आणि शनिवारी मुलाला सुट्टी नसली तर त्याला शाळेतून कोणी आणायचे हा प्रश्न. या धावपळीला आपण सहसा ‘नियोजनाचा अभाव’ म्हणतो. एखादी आई ती सहज पार पाडते, एखादीची दमछाक होते, आणि दोष तिच्या वकुबाला दिला जातो.

पण हा आठवडा त्या आईने आखलेला नाही. कामाचे तास एकाने ठरवले, शाळेची वेळ दुसऱ्याने, बाजाराचा आणि सणाचा वार तिसऱ्याने. हे तिघे एकमेकांशी कधी बोलले नाहीत. त्यांच्या वेळा जुळत नाहीत तिथे जी फट राहते, ती कोणीतरी बुजवायची असते. ती कोणी बुजवली, कशाने बुजवली, आणि त्याची किंमत कोणी मोजली, हे गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांच्या महाराष्ट्राच्या इतिहासात शोधणे हा या लेखाचा हेतू आहे.

वार होते, सुट्टी नव्हती

सात वारांचा आठवडा आपल्याकडे इंग्रजांनी आणला असा एक समज आहे. तो चूक आहे. मध्य प्रदेशातील एरण येथे गुप्त राजा बुधगुप्ताच्या काळातला इ. स. ४८४चा शिलालेख आहे. त्यात तिथीबरोबर गुरुवारचा उल्लेख येतो. म्हणजे वार मोजण्याची पद्धत दीड हजार वर्षांहून जुनी आहे. पुण्यात तर सातही वारांच्या पेठा आहेत. त्यांची नावे बाजाराच्या वारांवरून पडली असे मानले जाते. सोमवार महादेवाचा, रविवार खंडोबाचा, गावचा बाजार अमक्या वारी, असा वारांचा उपयोग देवासाठी आणि देवघेवीसाठी होता.

मात्र ‘कामाचे सहा दिवस आणि सुट्टीचा एक’ असा आठवडा इथे नव्हता. शेतकऱ्याची विश्रांती पावसापाण्यावर आणि सणांवर अवलंबून असे. बैलपोळ्याला बैलाला सुट्टी मिळे, म्हणून ती माणसालाही मिळे. विद्यार्थ्यांची सुट्टीही वाराने नव्हे, तिथीने येई. वेदपाठशाळांत प्रतिपदा, अष्टमी, चतुर्दशी, अमावास्या आणि पौर्णिमा हे अनध्यायाचे दिवस होते. त्या काळी आईबापांचे काम आणि मुलांचे शिक्षण यांची वेळ जुळवण्याचा प्रश्नच फारसा उद्भवत नव्हता. बहुसंख्य मुले शाळेत जात नव्हती आणि बहुसंख्य आईबापांचे काम घराच्या, शेताच्या किंवा वेटाळाच्या हद्दीत होते. मूल कामाच्या आसपासच वाढे. यात रम्य असे काही नव्हते, कारण ते मूल लवकरच कामालाही लागे. पण घर, काम आणि मूल यांच्यात अंतर नव्हते हे खरे.

अंतर पडले ते गिरणीच्या फाटकाने.

भोंगा

मुंबईत १८५०च्या दशकात पहिली कापड गिरणी उभी राहिली आणि पुढच्या तीस-चाळीस वर्षांत परळ, लालबाग, भायखळा, चिंचपोकळी हा सारा भाग धुराड्यांनी भरून गेला. कोकण आणि घाटावरून माणसे आली. आरंभी कामाचे तास सूर्याच्या हिशेबाने चालत. उजाडल्यापासून मावळेपर्यंत. १९०५च्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे आले तेव्हा सूर्याचाही आधार गेला आणि काही गिरण्यांत दिवस १५ तासांपर्यंत लांबला.

१८८१चा पहिला कारखाना कायदा मुलांपुरता होता. ७ ते १२ वर्षांच्या मुलांना दिवसाला ९ तासांहून अधिक राबवू नये आणि महिन्याला ४ सुट्ट्या द्याव्यात, एवढेच त्याने सांगितले. प्रौढांना त्यात काही नव्हते. आईबापांना सुट्टी नाही आणि मुलाला आहे, अशी ही पहिली विसंगती कायद्यानेच निर्माण केली.

प्रौढांच्या सुट्टीची मागणी संघटितपणे मांडली ती नारायण मेघाजी लोखंडे यांनी. लोखंडे जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक चळवळीतले आणि ‘दीनबंधु’चे संपादक. १८८४च्या सप्टेंबरात परळला भरलेल्या कामगारांच्या सभांत जे ठराव झाले ते आज वाचताना साधे वाटतात: आठवड्यातून रविवारी सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, आणि पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत. साडेपाच हजारांच्या आसपास कामगारांनी त्या अर्जावर सह्या-अंगठे केले. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली. त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या, ही नोंद फार महत्त्वाची आहे. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली आणि पुढच्या वर्षीच्या कारखाना कायद्याने आठवड्याच्या सुट्टीवर शिक्का उमटवला. त्याच कायद्याने स्त्रियांचा दिवस ११ तासांवर आणि ९ ते १४ वर्षांच्या मुलांचा ७ तासांवर आणला.

आपण आज ज्याला ‘आपला रविवार’ म्हणतो तो असा मिळाला. तो देवाने दिला नाही, साहेबानेही आपणहून दिला नाही.

पण या मागणीत विश्रांती जितकी होती तितकेच घरही होते. सहा दिवस अंधारात निघून अंधारात परतणाऱ्या माणसाला सणवार, सोयरीक, औषधपाणी, गावाकडचे पत्र यांसाठी उजेडातला एक दिवस हवा होता. बाईच्या वाट्याला मात्र या दिवशी वेगळेच आले. आठवडाभर तुंबलेले धुणे, दळण, वाणसामान, मुलांच्या डोक्यातल्या उवा, फाटक्या कपड्यांना टाके. गिरणीने तिला सुट्टी दिली, घराने दिली नाही. रविवारचा इतिहास लिहिताना ही दुसरी बाजू सहसा गळते.

बाळागोळी

विसाव्या शतकाच्या पहिल्या पंचवीस वर्षांत मुंबईच्या गिरण्यांत साधारण पाच कामगारांत एक स्त्री होती. बहुतेक जणी सूत गुंडाळण्याच्या, म्हणजे वाइंडिंग आणि रिळिंगच्या खात्यात असत. त्यांच्यावर देखरेख करणारी बाई म्हणजे नायकीण. काम नगावर, म्हणजे जितके सूत तितका दाम. मुलाला पाजायला उठले की तेवढा दाम बुडाला.

मग तान्हे मूल कुठे ठेवायचे? चाळीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत म्हातारी सासू असेल तर तिच्याकडे. नसेल तर शेजारणीकडे. तीही नसेल तर सात-आठ वर्षांच्या थोरल्या मुलीकडे. आणि मूल फार रडू नये म्हणून त्याला अफूची बाळागोळी चाटवायची. १९२०च्या दशकाच्या आरंभी मुंबई सरकारने डॉ. बार्न्स या डॉक्टर बाईंकडून गिरणीतल्या स्त्रियांच्या बाळंतपणाची पाहणी करून घेतली. त्या पाहणीत कामगार स्त्रियांच्या तान्ह्या मुलांपैकी ९८ टक्के मुलांना अफू दिली जात असल्याचे नोंदले गेले.

त्या काळच्या शहाण्यासुरत्या मंडळींनी यात अडाणीपणा पाहिला. पण हिशेब अडाण्याचा नव्हता. गिरणीचा भोंगा सहाला होई, मूल दर दोन-तीन तासांनी भुकेले होई, आणि या दोन वेळांच्या मधली फट बुजवायला त्या आईजवळ स्वस्तातली तेवढी एकच वस्तू होती. बाळागोळी म्हणजे कामाच्या वेळेने मुलाच्या वेळेवर केलेली सक्ती होती.

उपाय दोन दिशांनी आले. एक, बाळंतपणाची भरपगारी सुट्टी. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात यासंबंधीचे विधेयक आले तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याच्या बाजूने बोलले. बाळंतपणाआधी आणि नंतर बाईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, हा त्यांच्या मांडणीचा गाभा होता. १९२९ साली मुंबई प्रांतात कायदा झाला. देशातला या प्रकारचा तो पहिला. बाळंतिणीला रोज आठ आणे, तेही काही आठवड्यांपुरते, एवढाच त्याचा आवाका होता. पण मूल वाढवणे हा घरातला खासगी मामला नसून कामाच्या व्यवस्थेने त्याचा खर्च उचलला पाहिजे, हे तत्त्व पहिल्यांदा कागदावर आले.

दुसरा उपाय म्हणजे कारखान्यात पाळणाघर. १९३४च्या कारखाना कायद्याने प्रांतिक सरकारांना तशी सक्ती करण्याचा अधिकार दिला. १९४८च्या कायद्याने ५०हून अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्यांत सहा वर्षांखालील मुलांसाठी खोली ठेवणे बंधनकारक केले. १९७६ साली ही मर्यादा ३०वर आणली गेली. कायदा चांगला होता, पण त्यात मेख होती. पाळणाघराचा खर्च स्त्रियांच्या संख्येवर बांधलेला होता. ज्या कारखान्यात बायका कमी, तिथे खर्च नाही. जणू मुले बायकांनाच असतात, पुरुष कामगारांना नसतात! बाळंतपणाचा भत्ता, पाळणाघर, रात्रपाळीची बंदी, नवी यंत्रे यांचा हिशेब करून मालकांनी बायकांची भरतीच आवळली. गिरण्यांतले स्त्रियांचे प्रमाण उतरत गेले आणि १९७०च्या दशकात ते अगदीच नगण्य उरले. आईसाठी केलेला कायदा आईलाच कामावरून उठवणारा ठरला, कारण त्याने पालक म्हणून फक्त तिलाच ओळखले.

घंटा

भोंग्याला उत्तर देणारी दुसरी वेळ म्हणजे शाळेची घंटा. इंग्रजी अमदानीतल्या शाळांनी तिथीची सुट्टी मोडून रविवारची आणली आणि सकाळी ११ ते संध्याकाळी ५ ही कचेरीसारखी वेळ रूढ केली. बापाची कचेरी आणि मुलाची शाळा एकाच वेळी सुरू होणार, आई घरी असणार, असे तिच्यामागचे गृहीत होते. कारकून, मामलेदार, वकील यांच्या घरांत ते बसले.

मुलींचा प्रश्न आला तेव्हा मात्र वेळेवरूनच वाद पेटला. १८८४ साली पुण्यात हुजूरपागेची मुलींची शाळा निघाली. तिची वेळ ११ ते ५ होती. मुलींच्या घरकामाला यामुळे अडथळा येतो, त्यांना सकाळी किंवा दुपारी तीनच तास शिकवावे, असा आग्रह टिळकांच्या ‘मराठा’ने धरला. आज हा वाद मुलींनी काय शिकावे याचा म्हणून आठवला जातो. पण तो मुलींच्या वेळेवर हक्क कोणाचा याचाही होता. सहा तास मुलगी घराबाहेर गेली तर पाणी कोण भरणार, धाकट्याला कोण सांभाळणार, हा त्यातला खरा प्रश्न होता. सुधारकांना तो पूर्ण सोडवता आला नाही. त्यांनी मुलीला शाळेत नेले, घरचे काम मात्र तिच्यासाठी तसेच वाट पाहत राहिले.

पुढे सक्तीच्या शिक्षणाचा काळ आला. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी १८९३ साली अमरेली भागात प्रयोग करून १९०६-०७च्या सुमारास साऱ्या संस्थानात सक्ती लागू केली. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ साली सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला आणि मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना १ रुपया दंड ठेवला. मुंबईत सक्ती आली ती १९२५ साली, एफ आणि जी या वॉर्डांत. हे वॉर्ड म्हणजे परळ-दादरपासून वरळीपर्यंतचा गिरणगाव आणि त्याचा शेजार.

सक्तीचे शिक्षण हे मोठे पाऊल होते यात शंका नाही. गरिबाच्या मुलाचा तो हक्क होता आणि त्यासाठी फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन केले होते. पण या पावलाने गिरणगावातल्या घरात काय घडले तेही पाहिले पाहिजे. ज्या आठ वर्षांच्या मुलीच्या भरवशावर आई गिरणीत जात होती, ती मुलगी आता शाळेत जाणार. मग धाकटे कोणाकडे? कायद्याने दंड बापाला केला, जबाबदारी आईवर टाकली, आणि फट तशीच ठेवली. अनेक घरांनी त्यावर एकच तोड काढली. मुलाला शाळेत पाठवायचे आणि मुलीचे नाव नुसते पटावर ठेवायचे.

थोरल्या बहिणीची अडचण

ही अडचण शाळेच्या बाजूने ओळखणारे लोक फार थोडे. त्यांत ताराबाई मोडक आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांचे नाव पहिले घ्यावे लागेल. गिजुभाई बधेकांबरोबर भावनगरला बालशिक्षणाचे काम केल्यावर ताराबाईंनी १९४५ साली ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. शहरी मध्यमवर्गासाठी असलेले माँटेसरीचे शिक्षण त्यांनी खेड्यात नेले. महागड्या साधनांच्या जागी शंख, शिंपले, बिया, माती आली. मुले बालवाडीत येत नाहीत, तर बालवाडी त्यांच्या वस्तीत, अंगणात न्यावी, या विचारातून अंगणवाडी आली.

पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी काम करताना त्यांना तीच जुनी थोरली बहीण भेटली. मुली शाळेत येत नसत, कारण आई शेतावर किंवा गवत कापायला गेलेली आणि कडेवर धाकटे भावंड. बहुतेक शाळामास्तरांनी अशा मुलीला ‘गैरहजर’ लिहिले असते. या दोघींनी उलट केले. भावंडाला घेऊनच ये, म्हणाल्या. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा अशी तिन्ही एका छपराखाली आणली आणि तिला विकासवाडी हे नाव दिले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली, म्हणजे जिथे गुरे चरतात तिथेच शाळा.

यातले मर्म साधे आहे. शाळेने आपली वेळ आणि जागा घराच्या कामाभोवती वाकवली, घराला आपल्या वेळेभोवती वाकायला लावले नाही. महाराष्ट्राच्या शैक्षणिक इतिहासात असे क्वचितच घडले. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. पण शब्दाबरोबर विकासवाडीतला पाळणाघराचा विचार फारसा गेला नाही. अंगणवाडी काही तासांची राहिली. शेतमजूर आईचा दिवस आठ-दहा तासांचा होता. बांधकामावरच्या मजुरांच्या मुलांसाठी १९६९ साली दिल्लीत मीरा महादेवन यांनी ‘मोबाइल क्रेशेस’चे काम सुरू केले आणि काही वर्षांत ते मुंबईतही आले. पण अशी कामे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच राहिली.

तीन पाळ्या आणि एक डबा

गिरणगावाच्या आठवड्याचा नकाशा पाळ्यांनी काढला होता. पहिली पाळी सकाळी सातची, दुसरी दुपारी साडेतीनच्या सुमाराची, तिसरी मध्यरात्रीची. बापाची पाळी बदलली की घराचे सगळे बदले. तो रात्रपाळीला असला की दिवसा एका खोलीत झोपलेला बाप आणि अभ्यास करणारी मुले यांना एकमेकांचा अडथळा. मग मुले जिन्यात, गच्चीवर किंवा रस्त्याच्या दिव्याखाली अभ्यास करीत. दुसऱ्या पाळीच्या बापाची आणि शाळेत जाणाऱ्या मुलाची रविवारखेरीज जागेपणी भेटच होत नसे. लोखंड्यांनी मागितलेला रविवार बापलेकांना एकमेकांची तोंडे दाखवणारा दिवस ठरला.

पोटाची सोय करण्यासाठी या शहराने दोन व्यवस्था उभ्या केल्या. एक डबेवाल्यांची. महादू हावजी बच्चे यांनी १८९०च्या सुमारास ती सुरू केली असे सांगितले जाते. तिच्यामागे घरी सकाळी स्वयंपाक करणारी बाई गृहीत होती. दुसरी व्यवस्था खाणावळवाल्या बायकांची. एकट्या राहणाऱ्या गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या या बायका सावकाराच्या कर्जात बुडालेल्या असत. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापून त्यांना बँकेचे कर्ज मिळवून दिले. खाणावळ चालवणे हे आईच्या दृष्टीने घरी राहून करता येणारे काम होते. मूल डोळ्यांसमोर राही. पण त्यामुळेच तिच्या कामाला तास नव्हते आणि तिच्या आठवड्याला रविवार नव्हता. कामगारांना सुट्टी, तेव्हा तर ताटे जास्त.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपाने गिरणगावाचे हे वेळापत्रकच मोडून टाकले. पुरुषांची मिळकत बंद झाली आणि हजारो घरांत बायका बाहेर पडल्या. कोणी धुण्याभांड्याला, कोणी पोळ्या लाटायला, कोणी पाळणाघरात. आता घरात दिवसा बाप होता आणि आई नव्हती. तरी चूल पेटवायला आईचीच वाट पाहिली गेली, हे त्या काळातून गेलेल्या अनेक स्त्रिया सांगतात.

लेडीज स्पेशल

याच काळात मध्यमवर्गातही आठवडा बदलत होता. स्वातंत्र्यानंतर शाळा, बँका, टेलिफोन, सचिवालय, आयुर्विमा यांत मराठी मुली मोठ्या संख्येने आल्या. त्यांतही शिक्षिकेची नोकरी ‘बायकांना बरी’ ठरली. याला ममतेचे कारण दिले गेले. खरे कारण वेळेचे होते. आईच्या कामाची आणि मुलाच्या शाळेची सुट्टी एकाच दिवशी येते अशी ही जवळजवळ एकमेव नोकरी. पण तिथेही हिशेब पुरता जुळत नाही. दुसऱ्यांची मुले तपासणाऱ्या बाईंच्या वह्या घरी येतात, आणि जनगणना, निवडणूक अशी कामे नेमकी सुट्टीवर चालून येतात. आपल्या मुलाच्या शाळेतली पालकसभा आणि आपल्या शाळेतली पालकसभा एकाच दिवशी, हा तर शिक्षिकांचा नित्याचा अनुभव.

इतर नोकऱ्यांतल्या आयांसाठी दादर, गिरगाव, ठाणे, डोंबिवली, पुणे इथे घरगुती पाळणाघरे उभी राहिली. कोणी काकू, कोणी आजी, आपल्या दोन खोल्यांत आठ-दहा मुले सांभाळी. त्यावर सरकारी नियम नव्हता, अनुदान नव्हते. दोन पिढ्यांचा मराठी मध्यमवर्ग या काकूंच्या हातचा वरणभात खाऊन मोठा झाला, पण स्त्रियांच्या रोजगाराच्या इतिहासात त्यांना एक ओळही मिळालेली नाही.

५ मे १९९२ रोजी चर्चगेट ते बोरिवली अशी पहिली लेडीज स्पेशल धावली. त्या गाडीत भाजी निवडली जाई, हळदीकुंकू होई, मुलांच्या परीक्षांची चर्चा होई. कौतुकाचा विषय झालेल्या या दृश्याकडे इतिहासाच्या नजरेने पाहिले तर वेगळेच दिसते. कचेरी सुटल्यावर आणि घर सुरू होण्याआधी जो तासभर मधे उरला होता, तोही घराने घेतला होता.

ज्यांना वारच नाहीत

आतापर्यंत पाहिलेल्या सगळ्यांना निदान आठवडा होता. महाराष्ट्रात लाखो आईबाप असे आहेत की ज्यांना तोही नाही. बीड, अहिल्यानगर, जालना अशा भागांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोड मजुरांच्या टोळ्या निघतात. नवराबायको मिळून एक कोयता. उचल आधी घेतलेली, ती फिटेपर्यंत खाडा करायचा नाही. खाडा झाला तर दंड. पहाटे तोड, मग मोळ्या बांधणे, मग गाडी भरणे. गाडी रात्री आली तर रात्री. कारखाना रविवारी थांबत नाही, म्हणून कोयताही थांबत नाही.

या घरांतली मुले दिवाळीपर्यंत गावच्या शाळेत असतात आणि दुसऱ्या सत्रात पटावरून दिसेनाशी होतात. त्यांच्यासाठी साखरशाळा निघाल्या, हंगामी वसतिगृहे निघाली. पहिल्या उपायात शाळा आईबापांमागे जाते, दुसऱ्यात मूल मागे राहते. दोन्ही उपाय कधी चालले, कधी निधीअभावी बसले. इथेही कडेवरच्या भावंडाचा प्रश्न सुटला नाही. फडाच्या कडेला झोळी बांधलेली असते आणि तिच्याजवळ थोरली बहीण बसलेली असते. १९२५च्या परळमधली तीच मुलगी.

न जुळणारी वेळापत्रके

आता अगदी अलीकडचे दोन निर्णय पाहू. २९ फेब्रुवारी २०२०पासून महाराष्ट्र सरकारच्या कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा लागू झाला. त्याबदल्यात रोजची वेळ ४५ मिनिटांनी वाढली. शाळांचा शनिवार मात्र बहुतेक ठिकाणी तसाच राहिला. म्हणजे ज्या दिवशी आईबाप घरी, त्या दिवशी मूल शाळेत, आणि ज्या पाच दिवशी मूल लवकर घरी येते, त्या दिवशी आईबाप आणखी उशिरा. दुसरा निर्णय फेब्रुवारी २०२४चा. लहान मुलांची झोप पुरी होत नाही म्हणून चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आत भरवू नयेत असे सरकारने सांगितले. मुलांच्या दृष्टीने तो योग्यच होता. पण अनेक पालकांनी विचारले, आम्ही आठला घर सोडतो, मग मुलाला कोण सोडणार? दोन पाळ्यांत चालणाऱ्या शाळा आणि स्कूलबसवाले यांच्याही अडचणी होत्या. दोन्ही निर्णय आपापल्या जागी सद्हेतूचे. दोन्ही घेताना उरलेल्या वेळापत्रकांकडे पाहिले गेले नाही.

२००९च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात असे सांगितले. पालकाला शाळेच्या कारभारात एवढे स्थान आधी कधी नव्हते. पण सभा दुपारी ठेवली की रोजंदारीवरच्या आईला त्या हक्कासाठी दिवसाची मजुरी सोडावी लागते. २०१७ साली मातृत्व रजा २६ आठवड्यांची झाली आणि ५० किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक झाले. इथे ‘स्त्रिया’ऐवजी ‘कर्मचारी’ हा शब्द आला, ही १९४८नंतरची खरी सुधारणा. रजा मात्र आईलाच. बापाच्या रजेचा त्या कायद्यात उल्लेख नाही.

२०१९च्या राष्ट्रीय कालवापर पाहणीत विनामोल घरकाम करणाऱ्यांत स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देत होत्या, पुरुष ९७ मिनिटे. त्यातही घरकाम करणारे पुरुष मुळात थोडे. दोनशे मिनिटांचा हा फरक म्हणजेच त्या न जुळणाऱ्या वेळांमधली फट. शंभर वर्षांपूर्वी ती अफूने आणि थोरल्या मुलीने बुजवली, मग आजीने, मग पाळणाघरातल्या काकूने, आता पोळीवाल्या मावशीने आणि आईच्या झोपेने. बुजवणारी व्यक्ती बदलली. तिचे बाईपण आणि तिच्या कामाचे अल्पमोल बदलले नाही.

इतिहासात दोन वेळा या महाराष्ट्राने वेगळे करून दाखवले आहे. एकदा लोखंड्यांच्या कामगारांनी मालकाच्या वेळापत्रकात घरासाठी एक दिवस मिळवला. दुसऱ्यांदा ताराबाई-अनुताईंनी शाळेच्या वेळापत्रकात कडेवरच्या भावंडाला जागा दिली. पहिल्यात कामाने थोडे मागे सरकायचे होते, दुसऱ्यात शाळेने. तिसऱ्याने मागे सरकणे अजून बाकी आहे. ते म्हणजे घरातल्या पुरुषाच्या वेळेने. त्यासाठी सभा भरवावी लागत नाही, अर्जावर अंगठे घ्यावे लागत नाहीत आणि कोणत्याही कायद्याची वाटही पाहावी लागत नाही. रविवारी संध्याकाळी गणवेशाला इस्त्री करायला घेतली तरी सुरुवात होते.